चित्रकलेचा तास आधी का कापला जातो?

आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेचं वेळापत्रक बघा. कागदावर चित्रकला असते, कार्यानुभव असतो, पी.टी. असते, आठवड्यातून एकदा वाचनालयही असतं. मग परीक्षा जवळ येते, एखादी शिक्षिका रजेवर जाते, स्कॉलरशिपची तयारी सुरू होते आणि हे तास एकेक करून गणित-इंग्रजीच्या खात्यात जमा होतात. गणिताचा तास चित्रकलेला दिला, असं मात्र कधी कुणी ऐकलेलं नाही.

आमच्याकडे यंदा हे उघडपणे व्हायला निघालं आहे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात आपल्याच समाजातल्या लोकांनी चालवलेली इंग्रजी माध्यमाची एक शाळा आहे. माझी मुलगी तिथे दुसरीत शिकते. मागच्या पालकसभेत संस्थेने प्रस्ताव ठेवला की येत्या जूनपासून तिसरी-चौथीच्या वेळापत्रकातून चित्रकला, कार्यानुभव आणि वाचनालय काढून टाकायचं. त्यातून आठवड्याचे सहा तास मोकळे होतील. ते ‘फाउंडेशन’ला द्यायचे, म्हणजे गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. पी.टी. राहील, पण आठवड्यातून एकदाच. सभेत टाळ्या पडल्या. मी लेखी विरोध नोंदवला. त्यानंतर भेटेल तो विचारतो, “तुम्ही स्वतः इंजिनिअर, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करता आणि गणिताचे तास वाढवायला तुमचाच विरोध?”

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न एका शाळेपुरता असता तर मी तो गावातच मांडला असता. पण हाच विचार आज आपल्या वस्त्यांमधल्या अनेक शाळांत, अनेक घरांत चालू आहे.

भीती खोटी नाही

टाळ्या वाजवणाऱ्या पालकांना मी अडाणी समजत नाही. सभेनंतर एक रिक्षाचालक वडील मला म्हणाले, “भाई, चित्रं काढून पोट भरतं का? माझ्याकडे फी भरायला एकदाच पैसे आहेत. पोरगा त्यातच निघाला पाहिजे.” या बोलण्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच शाळा सोडून बाहेर पडली. त्याच अहवालाने हेही दाखवून दिलं की शाळेच्या वयाची फक्त ३ ते ४ टक्के मुस्लिम मुलं मदरशात शिकतात. म्हणजे आपला खरा प्रश्न मदरसा हा नव्हता. साध्या शाळेत मूल टिकणं आणि तिथे त्याला काहीतरी मिळणं, हा होता.

ज्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावीच्या पुढे जाणार असतं, तिथे आईवडील प्रत्येक तासाचा हिशेब मांडतात. गणिताच्या तासातून नोकरी दिसते, इंग्रजीच्या तासातून नोकरी दिसते. चित्रकलेच्या तासातून काही दिसत नाही. त्यातून एक समजूत पक्की होते की सगळं काही शिकणं हा श्रीमंतांचा शौक आहे आणि गरिबाने कामापुरतं शिकावं.

माझा वाद या समजुतीशी आहे. पुण्या-मुंबईतल्या महागड्या शाळांची माहितीपत्रकं बघा. पहिल्या पानावर संगीत, मातीकाम, नाटक, बागकाम, पोहणं असतं. लाखोंची फी भरणारे पालक त्यासाठी भांडतात. त्या मुलांना या गोष्टी घरीही मिळतात. घरात पुस्तकं असतात, सुट्टीत प्रवास असतो, सोसायटीत मैदान असतं. आपल्या वस्तीतल्या मुलाला या गोष्टी शाळेत मिळाल्या नाहीत तर कुठेच मिळत नाहीत. म्हणजे ज्याला शाळेतल्या चित्रकलेच्या तासाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याचाच तास आपण आधी कापतो.

मुलींच्या बाबतीत हे आणखी खरं आहे. मुलगा निदान गल्लीत क्रिकेट खेळतो, दुकानावर बसतो, सायकलवर गावभर फिरतो. आमच्याकडची बहुतेक दहा वर्षांची मुलगी शाळा, दुपारचं मकतब, संध्याकाळची ट्यूशन आणि घर एवढ्यातच असते. तिच्यासाठी शाळेचं मैदान हेच एकमेव मैदान आणि शाळेचं वाचनालय हेच एकमेव वाचनालय आहे. वेळापत्रकातून ते पुसणं म्हणजे तिच्या आयुष्यातूनच पुसणं.

कायद्याने काय दिलं आहे

कला, खेळ आणि हाताचं काम हे ‘जादा’ विषय आहेत, ही दुसरी चुकीची समजूत. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजता पाठ करण्याचं ओझं मोठं आहे, असं सांगितलं होतं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा आणि अभ्यासक्रम पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे न्या, असं सांगितलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ मुलाच्या सर्वांगीण विकासाबद्दल, कृती आणि शोध यांतून शिकण्याबद्दल, भीतीमुक्त वातावरणाबद्दल बोलतं. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं, प्रत्येक शाळेत मैदान, खेळाचं साहित्य आणि गोष्टीची पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रं असलेलं वाचनालय असावं, असं लिहिलेलं आहे. आपल्या राज्यात बालभारतीने कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांसाठी ‘खेळू, करू, शिकू’ हे वेगळं पुस्तकही काढलं.

पण इथे आपल्या संस्थांचा एक पेच आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती ट्रस्टच्या खटल्यात निकाल दिला की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, मग त्या अनुदानित असोत की विनाअनुदानित. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या खंडपीठासमोर जावा, असं म्हटलं. न्यायालयात काय व्हायचं ते होईल. आपण एवढं समजून घ्यायला हवं की संविधानाच्या कलम ३० ने आपल्याला आपल्या संस्था चालवायचा अधिकार दिला, तो आपल्या मुलांना चांगलं शिक्षण मिळावं म्हणून. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाला कायद्याने मैदान आणि वाचनालय मिळणार असेल आणि आपल्या शाळेतल्या मुलाला ‘आम्हाला कायदा लागू नाही’ म्हणून ते मिळणार नसेल, तर त्या अधिकाराचा फायदा मुलाला काय झाला? सरकारी अधिकारी विचारणार नसेल तर आपण, पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी, विचारलं पाहिजे.

डॉ. झाकीर हुसेन यांचा अभ्यासक्रम

हा विचार बाहेरून आणलेला आहे, असंही काही जण म्हणतात. त्यांना वर्ध्याची आठवण करून द्यावीशी वाटते. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद झाली. तिथे ठरलेल्या विचारांवरून प्रत्यक्ष अभ्यासक्रम तयार करायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जामिया मिल्लिया इस्लामियाचे तेव्हाचे कुलगुरू, पुढे भारताचे राष्ट्रपती. ख्वाजा गुलाम सय्यदैन हेही त्या समितीत होते.

या समितीने सात वर्षांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा जो आराखडा दिला, त्यात एक मूळ हस्तव्यवसाय, मातृभाषा, गणित, सामाजिक अभ्यास, सामान्य विज्ञान, चित्रकला, संगीत आणि हिंदुस्थानी हे विषय होते. गरीब खेडुताच्या मुलासाठी, जवळ पैसा नसलेल्या देशात, एका मुस्लिम शिक्षणतज्ज्ञाने आखलेला हा अभ्यासक्रम होता आणि त्यात चित्रकला आणि संगीत गणिताच्या शेजारी बसलेले होते. त्या योजनेवर टीका पुष्कळ झाली. मुस्लिम लीगने विरोध केला. हस्तव्यवसाय म्हणजे फक्त सूतकताई असं पुढे अनेक ठिकाणी होऊन बसलं, तेही खरं. पण मुलाचा हात, डोळा, कान आणि बुद्धी वेगवेगळ्या शिकवता येत नाहीत, हे त्यातलं मूळ म्हणणं आजही खोडता आलेलं नाही. झाकीर साहेबांनी स्वतः मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या. ‘अब्बू खाँ की बकरी’ ही त्यातली सर्वांत माहितीची. इतका मोठा शिक्षणतज्ज्ञ लहान मुलांची गोष्ट लिहायला बसतो, यावरून तो गोष्टीच्या तासाला काय किंमत देत होता ते कळतं.

माझ्या कामात मला काय दिसतं

आता इंजिनिअर म्हणून बोलतो. माझ्या टीमसाठी मी नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. प्रोग्रामिंगची भाषा येत नाही म्हणून अडलेली मुलं फार थोडी. ती भाषा तीन महिन्यांत शिकवता येते. मुलं अडतात ती वेगळ्याच ठिकाणी. दिलेला परिच्छेद वाचून ग्राहकाला नेमकं काय हवंय ते सांगता येत नाही. न समजलेलं विचारायची भीती वाटते. कागदावर साधी आकृती काढून आपला विचार दुसऱ्याला दाखवता येत नाही. प्रोग्राममध्ये चूक निघाली की शांतपणे बघत बसायची सवय नसते, लगेच तयार उत्तर शोधायला धावतात. यात आपल्या समाजातली हुशार मुलंही असतात. त्यांनी क्लासमध्ये हजारो गणितं सोडवलेली असतात.

प्रोग्राममधली चूक शोधणं हे मुख्यतः बघण्याचं काम आहे. समोर काय असायला हवं यापेक्षा प्रत्यक्षात काय आहे, ते बघायचं. पिंपळाचं पान समोर ठेवून चित्र काढणारं मूल हेच करतं. सुरुवातीला ते डोक्यातलं ‘पान’ काढतं. मग बाई म्हणतात, नीट बघ, शिरा कुठून निघतात, टोक किती लांब आहे. तेव्हा ते समोरचं पान काढायला लागतं. कार्यानुभवात पुठ्ठ्याचा डबा करताना माप चुकलं की झाकण बसत नाही. बाईंनी लाल पेनाने फुली मारायची गरज नसते. मूल स्वतःच मोजतं, स्वतःच दुरुस्त करतं. हे शिक्षण फाउंडेशनच्या प्रश्नसंचात मिळत नाही, कारण तिथे उत्तर चार पर्यायांत आधीच छापलेलं असतं.

कोरोनाच्या काळात सहा-सात वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकवण्याच्या जाहिराती घराघरांत पोचल्या होत्या. आमच्या नात्यातल्या काही जणांनी हप्त्यांवर पैसे भरले. आज सांगितलेल्या पायऱ्यांनी लिहायचा साधा कोड यंत्रच लिहून देतं. माझ्या ऑफिसात आता तो कोड वाचून ‘हे चुकतंय’ म्हणणारा माणूस हवा असतो. ज्या कामाच्या पायऱ्या पाठ करता येतात, ते काम यंत्राकडे आधी जातं. आपण मात्र आठव्या वर्षापासून मुलांना पायऱ्याच पाठ करायला बसवतो आहोत.

“पण आधी वाचता तर येऊ दे”

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप शाळेच्या एका शिक्षिकेनेच घेतला. त्या म्हणाल्या, “सर, माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांना अजून वाक्य वाचता येत नाही. मी चित्रं कधी काढून घेऊ?” त्यांची अडचण खरी आहे. असरचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही. वाचन आणि साधं गणित पक्कं झालंच पाहिजे. त्याबद्दल कुणाचाच वाद नाही.

पण वाचायचं म्हणजे नुसती अक्षरं जोडायची नाहीत. धड्यात ‘धरणाचे दरवाजे उघडले’ असं वाक्य आलं आणि मुलाने धरण पाहिलेलं नसेल, त्याबद्दल कधी बोललेलं नसेल, तर ते अक्षरं वाचेल, अर्थ वाचणार नाही. परिसर अभ्यास, सहल, गोष्टी, गाणी, बाग, प्रयोग यांतून शब्द येतात. शब्द असले की वाचन पुढे सरकतं. आपल्या मुलांची तर यात दुहेरी अडचण असते. घरी दखनी किंवा कोकणी बोली, मकतबमध्ये अरबी, शाळेत इंग्रजी, बाजारात मराठी. अशा मुलाला वाचनालयाचा तास सगळ्यात आधी हवा. वाचन कच्चं आहे म्हणून वाचनालय बंद करणं हा उपाय मला समजत नाही.

शाळेबाहेरच अभ्यासक्रम उभा आहे

समृद्ध अभ्यासक्रम म्हटलं की खर्चाचा प्रश्न येतो. आमच्याच जिल्ह्यातलं मिरज बघू. तिथले सतार आणि तंबोरा देशभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एकेकाळी शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात ही वाद्यं बनवायला सुरुवात केली आणि आजही ही कला मुख्यतः मुस्लिम कारागिरांच्या हातात आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाण्याची सेवा केली.

आता चौथीचा वर्ग अशा एखाद्या कारखान्यात एक सकाळ घेऊन जा. भोपळा पंढरपूरच्या बाजूने येतो. तो तिकडेच का पिकतो? हा भूगोल झाला. तो वाळवायचा कसा, लाकूड कुठलं, पॉलिश कशाचं? हे विज्ञान. ९० सेंटीमीटरची तार बरोबर मध्यावर, ४५ वर दाबली की वरचा सा वाजतो. दोन तृतीयांश, म्हणजे ६० सेंटीमीटर तार मोकळी ठेवली की पंचम वाजतो. अपूर्णांक कानाने ऐकू येतो. परत येऊन कारागिरांशी झालेलं बोलणं लिहून काढलं की भाषेचा तास झाला. याचा खर्च बसभाड्याएवढा. आणि त्या वर्गात एखाद्या कारागिराचा मुलगा असेल तर त्याच्या अब्बांचं काम पहिल्यांदा शाळेच्या फळ्यावर येतं.

मालेगाव-भिवंडीत यंत्रमाग आहे, कोकणात होड्या आणि मासळी आहे, औरंगाबादेत हिमरू आहे. प्रत्येक वस्तीत असं काहीतरी आहेच. शिक्षकांना तेवढा वेळ आणि मोकळीक हवी. सहा तास फाउंडेशनला दिल्यावर ती उरत नाही.

धर्माचा मुद्दा

सभेत दबक्या आवाजात आणखी एक गोष्ट बोलली गेली. चित्रकला आणि संगीत गेलं तर बरंच, आपल्यात ते चालत नाही. याबद्दल उलेमांमध्ये एकच मत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्या पालकांना सजीवांची चित्रं नको वाटतात, त्यांच्या मताचा मान ठेवूनही चित्रकलेचा तास भरपूर चालवता येतो. पानं, नक्षी, नकाशे, इमारती, सुलेखन, कंपासपट्टीने काढलेल्या ताऱ्यांच्या जाळ्या. जगभरातल्या मशिदींच्या भिंतींवर भूमितीची जेवढी चित्रं आहेत तेवढी कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. वाद्य नको असेल तर नज्म आहे, कविता आहे, बडबडगीत आहे. तास कसा घ्यायचा यावर बोलता येईल. तास रद्द करायला मात्र दीनची सबब पुढे करू नये, कारण त्या तासाच्या जागी मकतब येत नाही, बुद्धिमत्ता चाचणी येते.

आपण काय करू शकतो

संस्थेला मी जे लिहून दिलं ते साधं आहे. सहापैकी एकही तास कायमचा काढू नका. स्कॉलरशिपची तयारी हवी असेल तर ज्यांना हवी त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर घ्या, सगळ्या वर्गावर लादू नका. वाचनालयाचा तास आठवड्यातून दोनदा करा आणि पुस्तकं मुलांना घरी न्यायला द्या. चित्रकला आणि कार्यानुभव परिसर अभ्यासाला जोडून सलग दोन तासांचा ठेवा, म्हणजे काम अर्धवट राहणार नाही. मुलींसाठी मैदान रोज, ठरलेल्या वेळी. अजून निर्णय झालेला नाही. मे महिन्याच्या बैठकीत होईल. आतापर्यंत अकरा पालकांनी माझ्या पत्रावर सह्या केल्या आहेत. त्यात ते रिक्षाचालक वडीलही आहेत. त्यांनी एकच अट घातली, “गणित कच्चं राहता कामा नये.” अट रास्त आहे आणि मी ती पत्रात घातली आहे.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक जण अजून पालक झालेला नाहीत. पण तुमच्या घरात तिसरी-चौथीतली बहीण, भाचा, पुतणी असेल. तिचं वेळापत्रक मागून घ्या आणि मागच्या महिन्यात त्यातले कुठले तास खरंच झाले ते तिलाच विचारा. मूल खरं सांगतं. मग पालकसभेला भाईजान म्हणून, आपा म्हणून जा. शाळेत शिकलेले म्हणून तुमचं ऐकलं जातं. शनिवारी जाऊन गोष्ट वाचून दाखवता आली तर फारच छान, पण आपल्या फुकट कामाच्या बदल्यात शाळेने शिक्षकाचा तास कापू नये, एवढं बजावून ठेवा.

आपल्या मुलांनी इंजिनिअर व्हावं, डॉक्टर व्हावं, ही इच्छा चांगलीच आहे. पण आठव्या वर्षी त्यांना पान बघू द्या, डबा चुकू द्या, गोष्ट ऐकू द्या. पुढचं गणित त्याच पायावर उभं राहतं.